आधी प्रत, मग बदल

संगणकात साठवलेल्या गोष्टींचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः केलेले काम: पत्रे, हिशेब, छायाचित्रे, लग्नपत्रिकांचे नमुने, ग्राहकांच्या याद्या. दुसरा भाग म्हणजे ते काम ज्या व्यवस्थेच्या आधारावर चालते त्या व्यवस्थेच्या सेटिंग्ज. कळफलक कोणता वापरायचा, छपाई कोणत्या प्रिंटरवर आणि कोणत्या आकाराच्या कागदावर करायची, इंटरनेटची जोडणी कोणत्या नावाने आणि कोणत्या पासवर्डने मिळवायची, कोणती फाइल कोणाला उघडू द्यायची, अशा शेकडो बारीकसारीक निर्णयांची ती नोंद असते. पहिल्या भागाची प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवण्याची सवय आता बरीच रुजली आहे. पेन ड्राइव्हवर, दुसऱ्या हार्ड डिस्कवर किंवा गूगल ड्राइव्हवर कामाच्या फाइली ठेवणारे लोक घरोघरी आढळतात. दुसऱ्या भागाची प्रत मात्र क्वचितच कोणी काढतो, कारण तो भाग फाइलींच्या यादीत डोळ्यांसमोर येत नाही आणि तो एका बैठकीत तयार झालेलाही नसतो. कोणी दोन वर्षांपूर्वी प्रिंटरचा समास जुळवलेला असतो, कोणी कधीतरी नेटवर्कचा पत्ता बदललेला असतो, आणि हे सारे सुरळीत चालू असेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

‘सेटिंग गेली’ ही तक्रार दुकानांतून, कार्यालयांतून आणि घरांतून नेहमी ऐकू येते, आणि तिच्या मागे बहुधा एखादा जाणूनबुजून केलेला बदलच असतो. नवी आवृत्ती चढवली जाते, अँटिव्हायरस बदलला जातो, नवा प्रिंटर जोडला जातो, किंवा संगणक ‘जरा जलद चालावा’ म्हणून कोणीतरी काही नोंदी पुसून टाकतो. बदल करणे टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण जुन्या आवृत्त्यांतील त्रुटी तशाच राहू देणे हाही एक धोकाच असतो. तथापि बदलापूर्वीच्या स्थितीकडे परतण्याची सोय बदलापूर्वीच करावी लागते. बिघाड झाल्यानंतर ती करता येत नाही, ही या विषयातील मूळ गोष्ट आहे.

सेटिंग्ज राहतात कुठे?

विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत बहुतेक प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज ‘आयएनआय’ प्रकारच्या साध्या मजकूर-फाइलींत लिहून ठेवत. त्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत आणि त्यांची प्रत काढायची तर नुसते कॉपी करणे पुरे होई. परंतु अशा फाइली डिस्कभर विखुरलेल्या असत. हा पसारा आवरण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९५ च्या विंडोज ९५ पासून रजिस्ट्री ही मध्यवर्ती नोंदवही सर्वसामान्य वापरात आणली. रजिस्ट्रीत प्रत्येक सेटिंग एका नावाखाली आणि त्याच्या मूल्यासह नोंदलेली असते, आणि या नोंदी झाडाच्या फांद्यांप्रमाणे एकात एक रचलेल्या असतात. आजच्या विंडोजमध्ये संपूर्ण यंत्राच्या नोंदी ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमधील ‘कॉन्फिग’ या उपफोल्डरमध्ये असतात, तर प्रत्येक वापरकर्त्याच्या वैयक्तिक आवडीनिवडी त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील ‘एनटीयूझर डॉट डॅट’ या फाइलमध्ये असतात. विंडोज चालू असताना या फाइली कुलूपबंद असल्यामुळे त्या इतर फाइलींसारख्या उचलून पेन ड्राइव्हवर टाकता येत नाहीत.

रजिस्ट्रीची प्रत काढण्याचे काम पूर्वी विंडोज स्वतःच करीत असे. विंडोज ९८ मध्ये संगणक दररोज पहिल्यांदा नीट सुरू झाला की रजिस्ट्रीची एक प्रत आपोआप काढली जाई आणि अशा शेवटच्या पाच प्रती जपून ठेवल्या जात. नंतरच्या आवृत्त्यांत ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये अशी प्रत ठेवली जात असे. मात्र २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने, डिस्कवरील जागा वाचावी या हेतूने, ही आपोआप प्रत काढणे बंद केले. जुन्या सवयीने हा फोल्डर उघडणाऱ्या तंत्रज्ञाला आता तेथे शून्य आकाराच्या फाइली दिसतात. संगणक आपली काळजी आपणच घेईल, हा समज म्हणूनच आता धोक्याचा ठरतो.

विंडोजबाहेरही सेटिंग्जची अनेक ठिकाणे असतात. लिनक्स या प्रणालीत यंत्राच्या बहुतेक सेटिंग्ज ‘ईटीसी’ या एकाच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या रूपात असतात. संगणक सुरू होताना सर्वप्रथम जागा होणारा बायोस, किंवा त्याची आजची आवृत्ती असलेला यूईएफआय, आपल्या सेटिंग्ज हार्ड डिस्कवर न ठेवता मदरबोर्डवरील चिपमध्ये ठेवतो. घरातील वायफाय राउटरची स्वतःची वेगळी स्मृती असते, आणि त्याच्या मागील बारीक भोकात टाचणी घालून ‘रिसेट’चे बटण दाबले की केबलवाल्याने किंवा इंटरनेट कंपनीच्या माणसाने बसवून दिलेली जोडणीची नावे आणि पासवर्ड क्षणात पुसले जातात. हार्ड डिस्कवरील ‘डी ड्राइव्ह’ची प्रत घेतली म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

डीटीपीच्या दुकानातील संगणक

मराठी मुलखात कामाच्या फाइली आणि सेटिंग्ज यांतील या फरकाचा अनुभव विशेष तीव्रतेने डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, व्यवसायाला आला. युनिकोड ही जगातील सर्व लिपींसाठीची समान संकेतव्यवस्था रुळण्यापूर्वी मराठी छपाईचे काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ आणि पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे ‘आयएसएम’ अशा सॉफ्टवेअरवर चाले, आणि अनेक छापखान्यांत ते आजही चालते. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेल्या असतात. संगणकाच्या दृष्टीने अशी फाइल म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची एक ओळ असते. तिला मराठीचे रूप मिळते ते केवळ नेमका तोच फॉन्ट संगणकात बसवलेला असेल तर.

अशा दुकानातील संगणक संथ झाला की ‘फॉरमॅट मारून द्या’ असे तंत्रज्ञाला सांगितले जाते. सगळे काम डी ड्राइव्हवर आहे, तेव्हा विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसायला हरकत नाही, हा हिशेब त्यामागे असतो, आणि कामाच्या फाइलींपुरता तो बरोबरही असतो. फॉरमॅटनंतर जुनी पत्रिका पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये उघडली की फॉन्ट सापडत नसल्याची आणि त्याऐवजी दुसरा फॉन्ट वापरण्याची सूचना पडद्यावर येते, आणि ती मान्य केली की वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन रांग उमटते. मजकूर कोठेही गेलेला नसतो. त्याला वाचनीय करणारी व्यवस्था गेलेली असते. फॉन्टखेरीज त्या सॉफ्टवेअरचा कळफलक, त्याच्या परवान्यासाठी लागणाऱ्या हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर, प्रिंटरच्या कागदाचे खास आकार आणि ऑपरेटरच्या हाताला सवयीची झालेली कोरलड्रॉची मांडणी या गोष्टीही सी ड्राइव्हवरच असतात. कोरलड्रॉमध्ये ही मांडणी, म्हणजे टूलबार आणि शॉर्टकट यांची रचना, फाइलच्या रूपाने बाहेर काढून ठेवता येते. तोच प्रोग्रॅम सुरू होताना ‘एफ ८’ ही कळ दाबून धरली, तर ती मांडणी मूळ स्वरूपावर जाते, आणि प्रत नसल्यास वर्षांची जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.

हिशेबाच्या कामातही हीच परिस्थिती आढळते. व्यापारी आणि करसल्लागार यांच्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या टॅलीमध्ये कंपनीच्या डेटाचा बॅकअप नियमितपणे घेतला जातो. परंतु हा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, टॅली सुरू होताच कोणती कंपनी उघडायची आणि दुसऱ्या संगणकाशी संपर्क कोणत्या क्रमांकाच्या पोर्टवरून साधायचा, या गोष्टी प्रोग्रॅमच्या फोल्डरमधील ‘टॅली डॉट आयएनआय’ या काही ओळींच्या फाइलमध्ये असतात. नव्या संगणकावर टॅली बसवल्यानंतर कंपन्यांची यादी रिकामी दिसली की ‘डेटा उडाला’ असा आकांत होतो. प्रत्यक्षात डेटा जागेवर असतो आणि तो कोठे शोधायचा हे सांगणारी एक ओळ तेवढी हरवलेली असते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते आणि तिची प्रत काढण्यास एक मिनिटही लागत नाही.

स्वतः विंडोजही हा भेद मान्य करते. तिच्या ‘रिसेट धिस पीसी’ या सोयीत वैयक्तिक फाइली ठेवण्याचा पर्याय असतो. मात्र तो निवडला तरी नंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि बदललेल्या सेटिंग्ज काढून टाकल्या जातात, हे त्या पडद्यावर लिहिलेले असते. घाईत असलेला वापरणारा पहिली ओळ वाचतो आणि दुसरीकडे त्याचे लक्ष जात नाही.

न्हावा-शेवा, जून २०१७

लहान दुकानात जे घडते तेच जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीच्या बाबतीत घडले, आणि त्याची झळ रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका लेखासॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजे विश्वासू समजल्या जाणाऱ्या मार्गाने, बाहेर पडला आणि डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या जाळ्यात शिरला. न्हावा-शेव्यातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल याच समूहातील एपीएम टर्मिनल्सकडून चालवले जात असल्यामुळे तेथील संगणकव्यवस्था ठप्प झाली आणि कंटेनरची हाताळणी काही काळ संगणकाविना करावी लागली.

मर्स्कच्या यंत्रणेची उभारणी पुन्हा कशी झाली, याचा तपशील अमेरिकी पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ मध्ये ‘वायर्ड’ नियतकालिकात दिला. कंपनीच्या बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवस जुने बॅकअप उपलब्ध होते. माहिती, म्हणजे या लेखाच्या आरंभी सांगितलेला पहिला भाग, बऱ्याच अंशी शाबूत होती. परंतु ‘डोमेन कंट्रोलर’ या प्रकारच्या सर्व्हरची प्रत कोठेही सापडेना. डोमेन कंट्रोलर म्हणजे संपूर्ण जाळ्यात कोण कोणता कर्मचारी आहे आणि कोणाला कोणत्या यंत्रात शिरण्याची मुभा आहे, हे ठरवणारा सर्व्हर. दुसऱ्या शब्दांत, साऱ्या संस्थेच्या सेटिंग्जचा गाभा. असे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर जगभर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असल्यामुळे प्रत्येक सर्व्हर इतरांचा बॅकअप आहे, असे मानले गेले होते. एखादा बंद पडला असता तर ही योजना उपयोगी पडलीही असती. सगळेच एकाच वेळी पुसले जातील, ही शक्यता तिच्यात धरलेली नव्हती.

अखेरीस घानामधील कार्यालयात एक डोमेन कंट्रोलर जिवंत सापडला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. घानाहून ही माहिती इंटरनेटने पाठवण्यास फार दिवस लागले असते आणि तेथील कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून ती हार्ड डिस्क नायजेरियात दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती देऊन विमानाने लंडनला नेण्यात आली. समूहाचे तत्कालीन अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होस येथे सांगितल्यानुसार ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर इतका दिला.

या घटनेतून दोन गोष्टी निःसंशय सिद्ध होतात. एक म्हणजे, कामाच्या माहितीची प्रत असली तरी सेटिंग्जच्या प्रतीवाचून ती लगेच वापरता येत नाही. दुसरी म्हणजे, एकमेकांशी आपोआप जुळणाऱ्या दोन जागा हा बॅकअप नव्हे, कारण एका ठिकाणची चूक किंवा विध्वंस तितक्याच तत्परतेने दुसऱ्या ठिकाणीही पोहोचतो. क्लाउडमध्ये सतत समक्रमित होणाऱ्या घरगुती फोल्डरलाही हाच न्याय लागू होतो. प्रत म्हणून मोजायची ती यंत्रापासून तोडून ठेवलेली.

अठ्ठ्याहत्तर मिनिटे

१९ जुलै २०२४ रोजी घडलेल्या प्रकाराने परतीच्या मार्गाची आणखी एक बाजू दाखवून दिली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक लहानशी सेटिंग-फाइल पाठवली. तो नवा प्रोग्रॅम नव्हता. काय संशयास्पद मानावे याविषयीच्या सूचनांत केलेला तो बदल होता. सूचनेच्या रचनेत २१ रकाने अपेक्षित होते आणि संगणकावरील प्रोग्रॅम २०च पुरवत होता. एकविसावा रकाना वाचण्याच्या प्रयत्नात प्रोग्रॅम कोसळला आणि तो विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालत असल्यामुळे सारा संगणकच त्याच्याबरोबर निळ्या पडद्यावर अडकला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बाधित झाले. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली, बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले आणि इंडिगोची सुमारे २०० उड्डाणे रद्द झाली.

कंपनीने आपली चूक ७८ मिनिटांत मागे घेतली. तरीही बाधित संगणक सुधारले नाहीत, कारण दुरुस्त फाइल घेण्यासाठी संगणक सुरू होणे आवश्यक होते आणि तो सुरूच होत नव्हता. तंत्रज्ञांना एकेका यंत्रासमोर बसून ते ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे किमान सोयींनिशी, सुरू करून ती फाइल हाताने पुसावी लागली. ज्या यंत्रांवर ‘बिटलॉकर’ हे डिस्कचे संपूर्ण कुलूप लावलेले होते तेथे ४८ अंकी किल्ली आधी द्यावी लागे, आणि काही संस्थांत या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तेही बंद पडलेले होते. म्हणून परतीचा मार्ग यंत्र बंद पडलेले असतानाही उपयोगी पडेल असा असावा लागतो; त्याची किल्ली त्याच यंत्रात ठेवली, तर ती असून नसल्यासारखीच असते.

आपोआप माघार

यंत्रणा बनवणाऱ्यांनी ही अडचण ओळखून काही ठिकाणी माघारीची सोय बदलाच्या क्रियेतच गुंफली आहे. तिचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण विंडोजच्या पडद्याच्या सेटिंगमध्ये आढळते. पडद्याचे रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, बदलली की हा बदल कायम ठेवायचा का, असा प्रश्न येतो आणि १५ सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. या रचनेतील शहाणपण असे की, बदलामुळे पडदाच काळा पडला तर माणसाला उत्तर देता येणार नाही, हे त्यात आधीच धरलेले आहे. मौनाचा अर्थ येथे नकार असा घेतला जातो.

मोठ्या जाळ्यांची उपकरणे हाताळणारे अभियंते हेच तत्त्व वापरतात. दूरच्या गावातील राउटरची सेटिंग आपल्या कार्यालयातून बदलताना एक चुकीची ओळ लिहिली गेली तर त्या राउटरशी असलेला संपर्कच तुटतो आणि चूक दुरुस्त करण्यासाठी प्रत्यक्ष तेथे जावे लागते. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांत यावर ‘कमिट कन्फर्म्ड’ ही आज्ञा आहे. तिने केलेला बदल लगेच लागू होतो, परंतु दहा मिनिटांत अभियंत्याने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले नाही तर उपकरण स्वतःहून आधीच्या सेटिंगवर जाते. सिस्कोच्या उपकरणांत चालू सेटिंग आणि साठवलेली सेटिंग वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. चालू सेटिंग बिघडली आणि ती अद्याप साठवलेली नसेल, तर उपकरण बंद करून पुन्हा सुरू केले की जुनी सेटिंग परत मिळते. लिनक्सचे सर्व्हर सांभाळणारे कोणतीही फाइल बदलण्याआधी तिच्या नावापुढे तारीख घालून प्रत काढतात, आणि ‘ईटीसी-कीपर’सारख्या साधनाने त्या फोल्डरमधील प्रत्येक बदलाचा क्रमवार इतिहासच जपला जातो.

बँकांच्या बाबतीत हा केवळ शिस्तीचा भाग राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या माहिती-तंत्रज्ञानविषयक मुख्य निर्देशांत संगणकप्रणालीतील बदल ठरलेल्या पद्धतीने आणि नियंत्रणाखाली करण्याची अपेक्षा स्पष्टपणे मांडली आहे. जबाबदार संस्थांत बदलाच्या अर्जाबरोबर माघारीचा आराखडाही मागितला जातो आणि तो नसेल तर बदलाला परवानगी मिळत नाही.

घरी आणि दुकानात काय करावे?

सामान्य वापरणाऱ्याला इतका मोठा व्याप करण्याची गरज नसते. मात्र क्रम पाळावा लागतो. पहिली पायरी कागदावरची आहे. कोणत्या तारखेला, कोणता बदल, कशासाठी केला, हे एका वहीत लिहावे आणि एका वेळी एकच बदल करावा, कारण एका दुपारी पाच बदल केले आणि संगणक बिघडला तर दोष कोणाचा हे शोधण्यात पुढचा दिवस जातो.

दुसरी पायरी ‘रिस्टोअर पॉइंट’ची. २००० साली विंडोज एमई या आवृत्तीत प्रथम आलेली ही सोय विंडोजच्या महत्त्वाच्या फाइली आणि रजिस्ट्री यांची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवते. अनेक संगणकांवर ती मुळात बंदच असते, म्हणून स्टार्ट मेनूत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असे शोधून सी ड्राइव्हसाठी ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू आहे की नाही हे आधी पाहावे आणि मग ‘नवा प्रिंटर बसवण्यापूर्वी’ अशा ओळखू येणाऱ्या नावाने पॉइंट तयार करावा. हा पॉइंट त्याच डिस्कवर राहत असल्यामुळे डिस्क बिघडल्यास तो हाती लागत नाही आणि फॉरमॅटबरोबर तोही पुसला जातो; तो पुसलेले वैयक्तिक दस्तऐवजही परत आणत नाही. जागा भरत आली की जुने पॉइंट विंडोज स्वतःच काढून टाकते. छोट्या बदलापुरते हे उत्तम साधन आहे, त्याहून अधिक नव्हे.

रजिस्ट्रीत थेट हात घालायचा असेल तर ‘रेगएडिट’ या प्रोग्रॅममध्ये बदलायची तेवढी फांदी निवडून ‘एक्स्पोर्ट’ करावी. या फाइलवर दोनदा क्लिक केले की जुन्या नोंदी परत भरल्या जातात. येथे एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही: मधल्या काळात ज्या नव्या नोंदींची भर पडली असेल त्या या क्रियेने पुसल्या जात नाहीत, केवळ जुन्या नोंदींची मूल्ये पूर्ववत होतात. बिघाड नव्याने भर पडलेल्या नोंदीमुळे असेल, तर ती वेगळी शोधून काढावी लागते.

तिसरी पायरी यंत्रानुसार बदलते. डीटीपीच्या दुकानात फॉन्टचा संपूर्ण संच, हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर आणि कोरलड्रॉची मांडणी. हिशेबाच्या कार्यालयात टॅलीची आयएनआय फाइल आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर. घरी ब्राउझरचे बुकमार्क आणि राउटरची सेटिंग-फाइल वेगळी काढावी. बहुतेक राउटरच्या पानावर ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ ही बटणे असतात. बायोस अद्ययावत करताना त्याच्या सेटिंग्ज मूळ स्वरूपावर जाऊ शकतात, म्हणून त्याच्या प्रत्येक पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवणे ही अतिशय सोपी आणि खात्रीची रीत आहे. हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे हे सांगणारी एखादी सेटिंग बदलली तरी विंडोज सुरू होण्यास नकार देते, आणि तेव्हा ते छायाचित्रच कामास येते. बायोसमधील बदलानंतर बिटलॉकर आपली ४८ अंकी किल्ली मागू शकतो. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असू शकते, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली ती किल्ली शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

बदल मोठा असेल, म्हणजे विंडोजची आवृत्तीच बदलायची असेल किंवा डिस्क बदलायची असेल, तर संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढावी. प्रतिमा म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग्ज आणि फाइली यांसह डिस्कची जशीच्या तशी प्रत. तैवानमधील उच्च क्षमता संगणन केंद्राने तयार केलेले ‘क्लोनझिला’ यासाठी विनामूल्य मिळते आणि पेन ड्राइव्हवरून चालत असल्यामुळे बंद पडलेल्या विंडोजवर अवलंबून राहत नाही.

प्रत कोणतीही असो, ती त्याच यंत्रात राहू नये. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ हा नियम, म्हणजे एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा सेटिंग्जनाही तितकाच लागू पडतो. या प्रती आकाराने लहान असल्यामुळे तो पाळणे येथे अधिक सोपे असते. राउटरच्या आणि ब्राउझरच्या प्रतींत पासवर्ड असू शकतात, म्हणून त्या ओळखीच्या तंत्रज्ञाला व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होणे योग्य नाही. काढलेली प्रत परत चढवता येते की नाही, हे निवांत वेळी एकदा पाहून घ्यावे, कारण कधीही न तपासलेल्या प्रतीवर भिस्त ठेवणे म्हणजे प्रत नसल्यासारखेच आहे.

या सर्व खटाटोपास छोट्या बदलासाठी काही मिनिटे लागतात आणि मोठ्या बदलासाठी एखादा तास. संगणक दुरुस्तीला देताना ‘डेटा घेतलात ना?’ हा प्रश्न बहुतेक ग्राहक आता आठवणीने विचारतात. त्याच्याच जोडीने ‘सेटिंग्ज घेतल्यात का, आणि कुठे ठेवल्यात?’ हा दुसरा प्रश्न विचारावा, आणि त्याचे नेमके उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅट मारण्यास संमती देऊ नये.